काळ्या रेघेची काच

बाई गेल्याची बातमी मला छापखान्यात मिळाली. मी अक्षरांचे खिळे जुळवत बसले होते. कॉलेजातल्या शिपायानं सायकल भिंतीला टेकवली आणि मशीनचा खडखडाट थांबेपर्यंत तो दारातच उभा राहिला. त्याच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. "ताई, बाई गेल्या," तो म्हणाला. "सकाळी च्या घिऊन गेलो तवा खुर्चीतच हुत्या. मला वाटलं, डोळा लागलाय." मग रुमाल पुढे करत त्यानं आवाज खाली आणला. "साहेब म्हणत्यात खोली मोकळी करा. म्हणून आदी ह्ये घिऊन आलो. बाईंनी सांगून ठिवल्यालं, मला काय झालं तर ह्ये त्या पत्रकवालीला दे, दुसऱ्या कुणाला न्हाई."

रुमाल न सोडताच मला कळलं आत काय आहे ते. हाताच्या पंजाएवढ्या दोन काचा, कडा लाखेनं बंद केलेल्या, आणि त्यांच्यामध्ये माणसाच्या मेंदूचा एक पातळ काप. कोपऱ्यात कागदाची चिठ्ठी डकवलेली. साहेबांच्या, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखांच्या, मते तिथल्या कपाटातली प्रत्येक काच कॉलेजची मालमत्ता आहे. ही नाही. ही मेढ्याजवळच्या एका गावातल्या हौसाबाई शेलार यांची आहे. बाई जिवंत असेपर्यंत हौसाबाईंनी ती त्यांच्याकडे ठेवायला दिली होती, त्यानंतर परत करायची असा शब्द होता. बाईंनी मागं ठेवलेलं एवढं एकच काम माझ्या वाट्याला आलं. ते पुरं होईपर्यंत बाईंवर एक ओळही लिहायची नाही, असं मी ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात ते झालं. आता लिहिते.

बाई म्हणजे डॉ. सिंधू केळकर. माहेरच्या आणि कायमच्या वाईच्या, कारण लग्न केलं नाही. सांगलीकडच्या एका मेडिकल कॉलेजात त्या शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. मी माधवनगरची. वडील गिरणीत मागावर, आणि पाळी संपली की युनियनची पत्रकं वाटायला बाहेर. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. 'कमळ' लिहायच्या आधी मी 'कामगार बंधूंनो' लिहायला शिकले. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. अशातच मला कुणीतरी सांगितलं की दवाखान्यात ज्याला न्यायला कुणी येत नाही, ते प्रेत कॉलेजात कापायला जातं. कायद्यानं जातं, म्हणजे चोरी नाही. पण माझं डोकं भडकलं. बेवारस म्हणजे कोण हो? ज्याची बायको ऊसतोडीला परजिल्ह्यात आहे आणि जिला कुणी कळवलंच नाही, तो. ज्याला मरताना कुणी गाव विचारलं नाही, तो. बागाईतदाराचं प्रेत कधी बेवारस झालेलं कुणी पाहिलंय? 'बेवारस कोण?' या मथळ्याचं पत्रक काढून मी कॉलेजच्या फाटकात उभी राहिले. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही.

पांढऱ्या कोटातून पदर बाहेर आलेला, चपला फटफटत, एक ठेंगण्या बाई आल्या आणि त्यांनी दोन पत्रकं मागून घेतली. "एक मला, एक आमच्या साहेबांना. ते फुकट मिळालेलं सगळं वाचतात." दुसऱ्या दिवशी निरोप आला, भेटायला ये. मी वाद घालायच्या तयारीनंच गेले. त्यांनी पत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"'डोकी फोडतात' असं लिहिलंयस. फोडत नाही गं, करवतीनं कापतो. नारळ आहे का तो?"

"बाकीचं?"

"बाकीचं खरं आहे. न विचारताच घेतो. विचारायला कुणी नसतंच, असं आम्ही धरून चाललोय." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "भीती वाटत नसेल तर आत ये. कशासाठी घेतो तेही बघ, मग दुसरं पत्रक काढ."

भीती वाटत होती. पण बघायचंही होतं... फॉर्मालिनच्या वासानं डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी एका बरणीतून मेंदूचा देठ काढला, अंगठ्यापेक्षा थोडा जाड, आणि तो काकडी चिरावी तसा आडवा चिरला. आत दोन्ही बाजूंना एकेक काळी रेघ होती. काजळाचं बोट ओढल्यासारखी. मला वाटलं काहीतरी सांडलंय. "नाही, ही असतेच," बाई म्हणाल्या. "तान्ह्या मुलात नसते, वय वाढतं तशी काळी होत जाते. तुझ्यात आहे, माझ्यात आहे." मग दुसऱ्या बरणीतला देठ चिरला. तिथं रेघ जवळजवळ नव्हतीच. फिकट, पुसल्यासारखी खूण तेवढी. हा कंपवाताचा माणूस असावा, असं त्यांनी सांगितलं. ज्याचे हात कापतात, पाय जमिनीला चिकटतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो, त्याची ही रेघ मिटत जाते. एवढं जगाला माहीत होतं. बाईंना पुढचं हवं होतं. त्या रेघेतून तंतू निघतात, ते वर मेंदूच्या पोटातल्या एका गाठीकडे जातात, तिथून आणखी कुठे आणि मग खाली पायांकडे. तो सगळा फेरा त्यांना तंतू-तंतूनं कागदावर काढायचा होता. परदेशात ते तंतू प्रकाशात चमकवून दाखवतात, असं त्यांनी मासिकांत वाचलं होतं. आपल्याकडे ते यंत्र नाही, म्हणून त्या जुन्या पद्धतीनं चांदीच्या द्रावणात काप बुडवायच्या. चांदी तंतूंवर बसली की ते काळे दिसतात. ती चांदी त्या सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओतून आणायच्या. फोटोवाल्याला वाटायचं, डॉक्टरीणबाईंना फोटोचा भारी नाद.

मी गिरणीतल्या माणसाची मुलगी. मी म्हटलं, म्हणजे मागासारखंच, एक धागा तुटला की माग थांबतो. "तसं असतं तर सोपं होतं," बाई म्हणाल्या. "इथं निम्म्याहून जास्त धागे तुटेपर्यंत कापड नीट विणलं जातं, कुणाला काही कळत नाही. मग एके दिवशी माणूस दारात अडकतो. तेच तर कोडं आहे." त्या फिकट देठाकडे बघत मी विचारलं, "हा माणूस चालायचा कसा?" साधा प्रश्न होता. पण बाईंनी सुरी पुसून ठेवली, हात धुतले, आणि मग म्हणाल्या, "ते सांगायला कुणी आलंच नाही." त्यांच्याकडे रस्त्यांचा नकाशा होता आणि त्या रस्त्यांवरून गेलेला एकही माणूस ओळखीचा नव्हता. सगळ्या बरण्यांवर नुसते आकडे. माझं पत्रक आणि त्यांचं अडलेलं काम एकाच दाराशी येऊन थांबलं होतं. ज्याला त्यांनी चालताना पाहिलंय आणि ज्यानं स्वतः होकार दिलाय, असा एक माणूस त्यांना हवा होता. एकच. हे त्या दिवसापासून त्यांच्या मनानं घेतलं.

तो माणूस एका विद्यार्थ्यानं दाखवला. हा मुलगा जावळीतला. वर्गात त्यानं सांगितलं, आमच्या शेजारच्या गावात एक हवालदार आहे, तो फक्त रांगोळीवर चालतो. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही दोघी एसटीनं साताऱ्याला आणि तिथून मेढ्याला गेलो.

हवालदार मारुती शेलार, गाव त्यांना बापू म्हणायचं. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, उंच, मिशा अजून पीळदार. चेहरा मात्र हलत नव्हता, आणि उजव्या हाताची बोटं सारखी गोळी वळत असल्यासारखी चालत होती. त्यांच्या घराच्या उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत अंगणभर आडव्या रांगोळ्या होत्या. नक्षी नाही, नुसत्या रेघा, पावला-पावलावर एक. हौसाबाईंनी, बापूंच्या बायकोनं, सगळं सांगितलं. बापू दारात अडकायचे. पाय उचलायचाच नाही, ढकललं तर पडायचे. एकदा सणाला दारात रांगोळी होती आणि त्यांनी ती टांग टाकून ओलांडली, थेट अंगणात. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, ही लहानपणापासूनची सवय. मग देवऋष्याला विचारलं. तो म्हणाला, देवीनं पाय धरलेत, रांगोळी दिसली की ती सोडते. तेव्हापासून हौसाबाई रोज सडा घालून अंगणभर रेघा ओढायच्या.

धाकटा दीर ज्ञानू दाराशीच उभा होता. "आवं बाई, नाटक हाय सगळं," तो म्हणाला. "रांगोळीवर टणाटण चालतोय, आन् बांधावर चल म्हणलं की खांबागत हुबा. बसून खायाची सवय लागली पलटणीत."

"बसून खात हुतो व्हय रं बर्फात?" बापू ओठ न हलवल्यासारखं पुटपुटले.

 नंतर चुलीपाशी हौसाबाई बाईंना हळूच म्हणाल्या, "मलाबी कवा कवा वाटतं बाई, नाटक करत्यात का काय. मग मी तोंड टाकती त्येंच्यावर. आन् मग रडू येतं. काय खरं मानू मी?" हाच हौसाबाईंचा खरा प्रश्न होता. औषधाचा नंतर.

बाईंनी पदर खोचला, हौसाबाईंकडून रांगोळीची वाटी मागून घेतली आणि अंगणात उकिडव्या बसल्या. एका बाजूला जागा झाडून त्यांनी उभ्या रेघा ओढल्या, बापूंच्या चालायच्या दिशेनं. बापू जागचे हलले नाहीत. मग तिथंच आडव्या ओढल्या. बापूंनी पाय उचलला आणि गेले, थेट गोठ्यापर्यंत. बाईंनी रेघा जवळ ओढून पाहिल्या, लांब ओढून पाहिल्या, रांगोळीऐवजी उसाची कांडं आणि शेवटी माझी चप्पल आडवी ठेवून पाहिली. चप्पलसुद्धा बापूंनी ओलांडली. सगळी आळी कठड्यावर बसून बघत होती. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "देवीला उभी रेघ चालत नाही, आडवीच लागते, आणि चप्पल पण चालते. अशी कशी गं देवी?" डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

मग त्यांना आणखी सुचलं. परेडीत कसे चालायचात, असं त्यांनी बापूंना विचारलं. "हुकूम व्हायला लागतो बाई." बाईंनी घसा खाकरून हुकूम दिला, "तेज चल!" बापू कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या आवाजानं कोंबडी बी उठायची न्हाई." कठड्यावर हशा पिकला. तेवढ्यात हौसाबाई दारातून कडाडल्या, "निगताय का न्हाई? आँ?" आणि बापू निघाले. पाठ ताठ, हात मागेपुढे, रेघ नसलेल्या जमिनीवरून. फाटकाशी जाऊन पुन्हा अडकले, पण तिथपर्यंत गेले.  या माणसाच्या पायांत ताकद होती, चालणं शाबूत होतं. आपणहून निघायची वाट तेवढी बंद होती. डोळ्यांनी रेघ दिली, कानांनी हुकूम दिला, की दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं निरोप पोचत होता. कुठली ही दुसरी वाट? ती काळ्या रेघेला टाळून जात असली पाहिजे. परतीच्या रस्त्यावर बाई त्याखेरीज दुसरं काही बोलल्या नाहीत.

मी मात्र बोलले. मेढ्याच्या स्टँडवर आमचं कडाडून भांडण झालं. देवऋष्याच्या विरुद्ध पत्रक काढायचं मी ठरवलं होतं, 'रांगोळी पुसा' हा मथळाही तयार होता. बाई म्हणाल्या, "पुसलीस तर तो माणूस उद्या गोठ्यापर्यंत जायचा नाही. कारण चुकलंय, रांगोळी बरोबर आहे." मी म्हटलं, चुकीचं कारण तसंच राहू दिलं तर उद्या तोच देवऋषी तापाच्या पोराला डॉक्टरकडे जाऊ देणार नाही. "मग कारणाविरुद्ध लिही," बाई म्हणाल्या, "पण खरं कारण काय, हे आधी मला शोधू दे. नुसतं 'देवी नाही' म्हणून त्या बाईच्या हाती काय देणार आहेस?" पुढच्या खेपेला मी हौसाबाईंना स्पष्ट सांगितलं, ही देवी नाही, मेंदूचा आजार आहे. त्यांनी पीठ मळता मळता ऐकून घेतलं. "नसंल देवी तर नसंल. पर रांगोळी काढू का नगो, त्ये सांग." काढा, मी म्हटलं.

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही अधूनमधून जात राहिलो. नव्या गोळ्या मुंबईहून मिळाल्या की बापूंचे हात थोडे सैल व्हायचे, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. ज्ञानूचं पालुपद चालूच होतं. मधे आणीबाणी आली, छापखानेवाल्यांनी माझा मजकूर घ्यायचं बंद केलं, वडिलांना काही महिने पोलीस घेऊन गेले. बोलायची बंदी झाल्यावर मी बाईंच्या खोलीत बसून आकृत्यांवर नावं लिहायला लागले. तेव्हा त्यांची एक सवय मला दिसली. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात शहाबादी फरशा होत्या. विचार करताना बाई त्या फरशांवरून बापूंसारख्या चालायच्या. थबकायच्या, अंग पुढे झुकवायच्या, आणि मग फरशीचा सांधा रेघेसारखा ओलांडायच्या. पोरं मागून नक्कल करायची. मी एकदा चिडून बोलले. "करू दे," बाई म्हणाल्या. "करून बघितल्याशिवाय कळायचं नाही कुठं अडतं ते. त्यांना पण कळेल."

मेल्यावर मेंदू द्याल का, हा प्रश्न बाईंना कधी विचारता आला नाही. इतकी वर्षं प्रेतं कापलेली ही बाई जिवंत माणसासमोर तो शब्द काढू शकत नव्हती. शेवटी बापूंनीच विषय काढला. अंगणात बाजेवर बसले होते, बोलणं आता फार हळू झालं होतं. "बाई... आत काय झालंय, त्ये मलाबी बगायचं हुतं. मला तर दिसायचं न्हाई. मी गेलो की तुमी बगा." हौसाबाईंनी हातातली कळशी दाणकन खाली ठेवली. "गप बसा! डोस्कं न्हाई म्हणून वरनं म्हागारी धाडतील तुमास्नी." त्यावर बापूंचा चेहरा हलला नाही, पण खांदे हलले. हसत होते. हौसाबाईंनी मात्र बाईंना बजावलं, "त्ये कायबी म्हणू द्यात. मी न्हाई देनार." बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तर मी हात लावणार नाही." आणि परत कधी विचारलं नाही.

बापू साताऱ्याच्या दवाखान्यात वारले, छातीत कफ भरून. ज्ञानूनं कॉलेजात फोन करवला, आम्ही मिळेल त्या एसटीनं पोचलो. हौसाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजूबाजूला भावकीची माणसं. बाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तो विषय त्यांनी काढला नाही. मला ठाऊक होतं, त्यांना आयुष्यात हवी असलेली एकच गोष्ट त्या भिंतीपलीकडे होती आणि ती तासाभरात स्मशानाकडे निघणार होती... ज्ञानू कुणाशी तरी बोलताना आमच्या कानावर आलं, "तरी शेवटपत्तूर रांगोळीच मागत हुता दादा. सोंग सुटलं न्हाई." हौसाबाईंनी मान वर केली. ज्ञानूकडे बघितलं, मग बाईंकडे.

"बगितलं की कळंल का तुमास्नी? सोंग हुतं का खरं हुतं?"

"कळेल," बाई म्हणाल्या. "रेघ पुसली असेल तर खरं."

"मग घ्या. पर फेटा बांधून द्यायचा, कुनाला काय दिसता कामा नये. आन् न्ह्याल त्ये समदं म्हागारी आणायचं. वर्षाच्या आत. मी त्येंच्या मागनं अग्नी दीन त्याला."

"आणते," बाई म्हणाल्या. लगेच. फेटा त्यांनी स्वतः बांधला, पलटणीतला, आणि बापू रुबाबात गेले.

परतीच्या एसटीत बाईंच्या मांडीवर दुधाची किटली होती, झाकण चिकटपट्टीनं बंद केलेली. कंडक्टरनं नाक मुरडलं. "काय हाय बाई आत?" "दवाखान्याचा नमुना आहे." "सांडू नगा म्हंजे झालं, कालच गाडी धुतलीया." कऱ्हाड मागे पडल्यावर मी विचारलं, "सगळं परत करायचं कबूल कसं केलंत? काचा गेल्या तर तुमच्याकडे पुरावा काय राहील?" बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तू पत्रकात काय लिहिलं होतंस? विचारून घ्या. विचारलं की उत्तरही ऐकावं लागतं गं."

ते वर्ष मी विसरणार नाही. फॉर्मालिनमध्ये मुरल्यावर मेंदूचे काप निघाले, आणि बाई सूक्ष्मदर्शकाला आरसा लावून एकेका कापाची आकृती कागदावर उतरवू लागल्या, कारण काचा जाणार होत्या. सुट्टी घेतली नाही, वाईला गेल्या नाहीत. काळी रेघ दोन्हीकडची पुसली होती. तिथून वर जाणारे तंतू विरळ, तुटके. पण मागच्या बाजूच्या लहान मेंदूकडून येणारे जाड जुडगे त्यांना जिथं तिथं शाबूत दिसले. "कदाचित हीच दुसरी वाट," त्या म्हणायच्या, आणि लगेच पुढे जोडायच्या, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हं. कदाचित लिही. मोठ्या अक्षरात लिही." साहेब एकदा डोकावून गेले. "परत करायला ती काय शेजारणीची पातेली आहेत? तिला काय कळणार आहे?" "मला कळतं," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा डोळा भिंगाला लावला.

वर्षश्राद्धाला आम्ही सगळं घेऊन गेलो. वेण्णेच्या काठी भावकीनं लहानशी चिता रचली. त्यावर बाईंनी बरण्यांतलं सगळं आणि काचा ठेवल्या. काचा तडकल्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाईंचे डोळे लाल झाले होते, धुरानं म्हणावं तर धूर दुसरीकडे जात होता. घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली एक काच काढली. "ही तेवढी दाखवायची राहिली. बघितलीत की हीही देते." सोबत त्यांनी दुसरी एक काच आणली होती, धडधाकट माणसाची. हौसाबाईंनी आधी ती उन्हात धरली. काळी रेघ ठळक होती. मग बापूंची धरली. फिरवून फिरवून बघितली. त्यांनी ज्ञानूला हाक मारली. "हिकडं ये रं. ही बग. हिकडं हाय, हिकडं न्हाई. दिसतंय?" ज्ञानूनं बघितलं. टोपी काढून पुन्हा घातली. "व्हय वयनी," म्हणाला, आणि दारातून बाहेर गेला. हौसाबाईंनी काच पदरानं पुसली. "मी तोंड टाकायची वो त्येंच्यावर..." एवढंच म्हणाल्या. मग पहिल्या काचेकडे बोट दाखवलं. "ही कुनाची?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "बेवारस होता."

"नाव न्हाई?"

"नाही."

हौसाबाईंनी बापूंची काच बाईंच्या हातात दिली. "आमच्या ह्येंचं नाव लिवा हिच्यावर. आन् तुमी हायसा तवर तुमच्यापाशी ठिवा. मग म्हागारी आणा." बाईंनी तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: हवालदार मारुती बाळा शेलार. त्या अख्ख्या कॉलेजात नाव असलेली ती एकच काच. तेव्हापासून ती बाईंच्या टेबलावर असायची. नव्या पोरांना त्या आधी नाव वाचायला लावायच्या, मग बापू कसे चालायचे ते चालून दाखवायच्या, आणि त्यानंतर काच उजेडात धरू द्यायच्या. बेवारस प्रेतांचा मेंदू त्यांनी पुन्हा घेतला नाही. त्यामुळे काम जवळपास थांबलं. तो फेरा पुरा काढायचा राहिला. आकृत्यांमध्ये मोकळ्या जागा आहेत, आणि त्यांत बाईंच्या हातचं 'कदाचित' आहे, मोठ्या अक्षरात.

गेल्या आठवड्यात मी एकटीच गेले. अंगणात आडव्या रेघा अजून आहेत. मी बघत राहिले तर हौसाबाई म्हणाल्या, "हाताला सवय लागली." बाई गेल्याचं सांगितलं. त्या उंबऱ्यावर बसल्या, पदर तोंडाला लावला. मी रुमाल सोडून काच त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, शब्द पुरा झाला, आता ही तुमची. त्यांनी ती नेहमीसारखी उन्हात धरली. मग चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "ह्ये त्येंचं नाव?" "हो." "आन् बाईंचं कुटं हाय?" बाईंचं नव्हतं. "लिव की मग. खाली जागा हाय का?" जागा होती. मी लिहिलं: डॉ. सिंधू केळकर. हौसाबाईंनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि काच रुमालात पुन्हा बांधून माझ्या हातात दिली. "ने. बाईंच्या टेबलावर ठिव. पोरास्नी दावा म्हणावं, पर नावं वाचून दावा." साहेबांना मी उद्या हेच सांगणार आहे. कॉलेजची मालमत्ता म्हणून नव्हे, हौसाबाई शेलार यांनी दिलेली म्हणून ही काच तिथं राहील. नाही म्हणाले तर पत्रक काढायला छापखाना आता मोकळा आहे.

निघताना अंगणातली पहिली रेघ मी टांग टाकून ओलांडली, मग दुसरी, मग तिसरी. रांगोळीवर पाय कसा द्यायचा? मागून हौसाबाईंचं हसू ऐकू आलं, रडून जड झालेल्या आवाजातलं. "बाईबी आशाच जायाच्या गं," त्या म्हणाल्या. "फाटकापत्तूर."